तबकडीवरचा गोल कागद



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझा विषय विचारला, तेव्हा मी सांगितले की मला एका गाण्याविषयी बोलावयाचे आहे. ते संतोषले. गाणे कोणत्या नाटकातले, असा त्यांचा पुढचा प्रश्न. गाणे नाटकातले नाही, मराठीही नाही, ते बेलफास्ट शहरातल्या चार-पाच तरुणांनी ओरडून म्हटलेले असून त्यात एका रेकॉर्ड कंपनीची स्तुती आहे, असे मी सांगितल्यावर मात्र त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. मोरोपंतांच्या बारामतीत, कऱ्हेच्या काठी, कंपनीची आरती कशाला? शंका रास्त आहे. ती फिटली नाही तर दोष माझा.

प्रथम गाण्याची हकीकत. इंग्लंडात १९७६-७७ च्या सुमारास गाणाऱ्या-वाजविणाऱ्या पोरांची एक लाट उठली. तिला ‘पंक’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ टुकार, उनाड असा आहे आणि तो या मंडळींनी भूषण म्हणून मिरविला. गिटारीवरचे तीन सूर-समूह आले की मंडळी उभी करावी, तालीम फार करू नये, आणि बेकारी, पोलीस, शाळा, राणी यांविषयी मनात असेल ते मोठ्याने म्हणावे, असा त्यांचा खाक्या. कानाला ते गोड लागत नाही. मला आजही लागत नाही. परंतु डफ, तुणतुणे आणि एक खडा आवाज एवढ्यावर गावच्या पाटलाला चार शब्द सुनावणारे जलसे ज्या मुलखाने ऐकले आहेत, त्या मुलखाला ही जात अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही.

यांतलीच एक मंडळी ‘स्टिफ लिटल फिंगर्स’ नावाची. गाव बेलफास्ट, उत्तर आयर्लंड. रस्त्यावर सैनिक आणि रात्री स्फोट, असे ते दिवस. १९७८ साली या पोरांनी पहिली तबकडी स्वतःच काढली आणि तिच्यावर ‘रिजिड डिजिट्स’ असे स्वतःचेच नाव छापले. ती बीबीसीच्या जॉन पील यांनी रेडिओवर पुनःपुन्हा वाजविली आणि मोठ्या कंपन्यांचे लक्ष गेले. एका कंपनीने शब्द दिला, पोरे खूश झाली, शब्द मोडला. शेवटी त्यांना हात दिला तो लंडनमधल्या एका दुकानाने. ‘रफ ट्रेड’ हे ते दुकान. जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ साली ते तबकड्या विकण्यासाठी उघडले होते आणि १९७८ पासून ते स्वतःही तबकड्या काढू लागले होते. या मंडळीची पहिली लाँग-प्ले तबकडी, ‘इन्फ्लेमेबल मटीरियल’, १९७९ च्या फेब्रुवारीत रफ ट्रेडने काढली. दुकानाचीही ती पहिलीच लाँग-प्ले. ती ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढली. त्या तबकडीवर ‘रफ ट्रेड’ याच नावाचे एक गाणे आहे. त्यात मोठ्या कंपनीने मोडलेल्या शब्दाचा संताप आहे आणि मग, ज्यांच्यावर विश्वास टाकावा अशी माणसे अखेर सापडली, याचा आनंद आहे.

देवाची स्तुती, राजाची स्तुती, प्रियेची स्तुती आपण ऐकली आहे. पण छापणाऱ्याची, विकणाऱ्याची स्तुती? आपल्याकडे एखाद्या ऊस बागायतदाराने कारखान्याच्या काट्यावर पोवाडा रचला तर कसे वाटेल? मात्र तो काटा प्रामाणिक निघाला, आणि आधीच्या सात हंगामांत कोठेच निघाला नव्हता, असे समजल्यावर पोवाड्याचे कारण आपल्याला उमगेल.

उसाचे नाव निघालेच आहे, तर हा व्यवहार उसावरूनच समजून घेऊ. कारण इंदापूर-बारामतीच्या श्रोत्यांना त्यातले खाचखळगे मला शिकविण्याची गरज नाही. गवयाचे गाणे म्हणजे शेतातला ऊस. तो लावला, वाढविला, पाणी पाजले ते गवयाने. परंतु उभा ऊस बाजारात जात नाही. त्याची साखर व्हावी लागते, आणि चरक, काहिली, भट्टी ही दुसऱ्याच्या मालकीची असतात. गाण्याचेही तसेच. ध्वनिमुद्रणाची खोली, यंत्रे, त्यावरून तयार होणारा धातूचा साचा, साच्यावरून तबकड्या दाबणारा कारखाना, तबकडी गावोगाव पोहोचविणारे विक्रेते. हे सारे ज्याच्याकडे, तो भाव ठरवितो. तबकडीच्या मध्यभागी जो गोल कागद चिकटविलेला असतो, ज्याला ‘लेबल’ म्हणतात, त्यावर गवयाचे नाव असते हे खरे. पण मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीचे नाव. शिवाय कायदाही कंपनीचाच हात धरतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे गाणारा नव्हे. ज्याने पुढाकार घेऊन व जबाबदारी पत्करून ते मुद्रण घडविले, तो निर्माता. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा, आणि मुद्रण कंपनीचे, अशी ही चार हिश्शांची वाटणी आहे. त्यातला चौथा हिस्सा पहिल्या तिघांना गिळतो, ही या धंद्याची जुनी तक्रार.

‘स्वतंत्र लेबल’ म्हणजे या व्यवस्थेबाहेर ज्याने आपले गुऱ्हाळ घातले तो. बझकॉक्स नावाच्या मँचेस्टरच्या मंडळीने १९७६ च्या डिसेंबरात अशी पहिली ठळक धडपड केली. मित्रांकडून व घरून सुमारे पाचशे पौंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी मुद्रित केली आणि पुढच्या महिन्यात हजार प्रती काढल्या. वेष्टनावर कोणते गाणे कितव्या खेपेस मुद्रित झाले हेही छापले. म्हणजे आचाऱ्याने स्वयंपाकघराचे दार उघडे टाकावे तसे! त्या तबकडीच्या पुढे सोळा हजारांवर प्रती गेल्या. त्यानंतर ‘डेस्परेट बायसिकल्स’ नावाच्या मंडळीने तर आपल्या तबकडीतूनच लोकांना सांगितले की हे काम सोपे व स्वस्त आहे, तुम्हीही करा. रफ ट्रेडचा करारही लक्षात ठेवण्याजोगा होता. आधी खर्च वजा करावयाचा आणि उरेल ते निम्मे मंडळीचे, निम्मे कंपनीचे. आपल्याकडे जमीन अर्धेलीने लावतात, त्यातलाच हा प्रकार. मोठ्या कंपन्यांत गायकाच्या वाट्याला शेकड्यावर बोटावर मोजण्याइतके येत असता निम्मे देणारा भेटला, तर त्याच्यावर गाणे रचले गेले यात नवल ते काय?

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे ध्वनिमुद्रण आले ते १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला उतरले आणि त्या नोव्हेंबरात गौहरजान त्यांच्या कर्ण्यासमोर गायिल्या. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. गाणे संपताच बाई आपले नाव इंग्रजीत पुकारीत, ते परदेशातल्या कामगारांना लेबल लावताना घोटाळा होऊ नये म्हणून, असे सांगतात. आपले भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत वारले. अवघे पावणेदोन वर्षांचे अंतर! ज्या गळ्याने किर्लोस्कर मंडळीचे नाट्यगृह वेडे केले त्याचा एक सूरही आपल्यापाशी नाही. यंत्र वेळेवर न आल्याने असे झाले. त्याला इलाज नव्हता. परंतु यंत्र आल्यानंतरही जे आवाज राहून गेले, ते का राहिले हा खरा प्रश्न आहे.

उत्तराचा एक भाग यंत्रातच आहे. लाखेच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्यात नाट्यपद बसते, ठुमरी बसते, लावणीचे दोन चौक बसतात. पूर्वरंग-उत्तररंगाचे कीर्तन बसत नाही, रात्रभर चालणारा तमाशाचा वग बसत नाही, दिंडीतले भजन तर मुळीच बसत नाही. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनकारांच्या मुखाने महाराष्ट्रभर फिरल्या. त्या ज्या ढंगाने म्हटल्या जात, तो ढंग तबकडीने आखूड करूनच घेतला असता. उत्तराचा दुसरा भाग मक्तेदारी हा. ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात १९०८ साली सियालदहला आणि १९२८ साली डमडमला कारखाना काढला. १९३१ साली विलायतेत ती व तिची मोठी स्पर्धक कोलंबिया एक झाल्या. कुत्र्याच्या छापाची तबकडी ही वस्तू खेड्यापाड्यांत एवढी रुळली की फोनोची कोणतीही तबकडी ‘कुत्रा छाप’च असते, असे माझ्या आजोळी मानीत.

तरीही लहान कंपन्या निघाल्याच. कलकत्त्याच्या हिंदुस्थान कंपनीने सैगलचा आवाज प्रथम मुद्रित केला. मेगाफोनने अख्तरीबाई फैजाबादींचा, म्हणजे पुढच्या बेगम अख्तर यांचा. मात्र एक गंमत पाहा. मेगाफोनच्या तबकड्यांवर हरणाचे चित्र असले तरी त्या दाबल्या जात डमडमच्याच कारखान्यात. कागद आपला, चरक दुसऱ्याचा!

स्वतःचा चरक घातला तो मुंबईच्या ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ने, १९३५ साली, वडाळ्याला. लेबलचे नाव ‘यंग इंडिया’. गांधीजींच्या साप्ताहिकाचे हे नाव तोवर घरोघर माहीत झालेले होते. स्वदेशीच्या त्या दिवसांत ते नुसते वाचूनही गिऱ्हाईक थांबत असेल. नामवंत गायक बहुतेक मोठ्या कंपनीशी करारबद्ध, म्हणून यंग इंडियाने नवख्यांना, हौशी गायकांना, गावोगावच्या कलावंतांना बोलाविले. मराठीसह अनेक भाषांतली हजारो गाणी तिने वीसएक वर्षांत काढली. त्यात भावगीते आहेत, नाट्यप्रवेश आहेत, भाषणेही आहेत. माल हलका असे, सुई लागताच खरखर अधिक होई, अशी संग्राहकांची तक्रार असते. ती खोटी नाही. पण ज्या माणसाचे गाणे दुसऱ्या कोणी मुद्रितच केले नाही, त्याच्या बाबतीत खरखरीसह गाणे हवे की खरखरीवाचून शांतता हवी, एवढेच निवडावयाचे असते. १९५५ च्या सुमारास हा कारखाना थांबला. मुंबईत १९९० साली निघालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने व तिचे सुरेश चांदवणकर यांनी या विसरलेल्या कंपनीची माहिती जमवून मांडली नसती, तर जुन्या बाजारात त्या तबकड्या पडूनच राहिल्या असत्या.

येथे कायद्याची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती कामाची आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे यंग इंडियाची शेवटची तबकडी १९५५ ची धरली तरी २०१५ च्या अखेरीस तिच्यावरचा कंपनीचा हक्क संपला. आपल्या माळ्यावर अशी तबकडी असेल तर तिचे मुद्रण कोणीही उतरवून लोकांना ऐकवू शकतो. मात्र कवीचा व संगीतकाराचा हक्क निराळा. तो त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे जिवंत असतो. तेवढे पाहून घ्यावे.

मग आली कॅसेट. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे ती खेड्यांत शिरली १९८० नंतर. आखाती देशांतून येणाऱ्या माणसाच्या हातात टेपरेकॉर्डर असे तो हा काळ. या छोट्या डबीने दोन्ही अडचणी एकदम मोडल्या. एका बाजूस अर्धा तास, म्हणून कीर्तन बसू लागले, भजन बसू लागले, वगाचे तुकडे बसू लागले. आणि तबकडीचा कारखाना घालावयास जे भांडवल लागे त्याच्या अगदी लहान अंशात एका खोलीत नकला काढणारी यंत्रे मांडता येऊ लागली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली यावर ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की भारतात मुद्रित संगीताची विक्री १९८० साली सुमारे बारा लाख डॉलरची होती, ती १९९० साली दोन कोटी दहा लाखांच्या वर गेली. आणि एके काळी जवळजवळ सगळा बाजार हाती असलेल्या जुन्या कंपनीकडे त्यातला लहानसा हिस्सा उरला. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायकांच्या मैफली ध्वनिफितीवर आणल्या. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते, वामनदादा कर्डकांच्या रचना, लावण्या, शेतकऱ्यांच्या विनोदी कथा, सगळे एस.टी. स्टँडच्या गाळ्यांवर टांगले गेले.

या मुलखात हे सारे डोळ्यांनी पाहावयाचे ठिकाण म्हणजे तुकोबांच्या पालखीची वाट. बारामतीचा मुक्काम, सणसर, बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी, मग इंदापूर, आणि सराटीला नीरा. वाटेने खेळणी, चुरमुरे, तुळशीच्या माळा, आणि प्रत्येक चौथ्या गाड्यावर कॅसेटी. कागदावर छापलेला विठोबा कधी निळा, कधी जांभळा. कंपनीचे नाव कधी न ऐकलेले, पत्ता कधी नगरचा, कधी सोलापूरचा, कधी नुसताच ‘महाराष्ट्र’. शाईचा वास हाताला लागे. त्या गाड्यांवर उभा राहून मी पुष्कळ गाणी फुकट ऐकली आहेत.

माझे एक मामा निमगाव केतकीकडे भजनी मंडळ चालवीत. स्वतः अभंगांना चाली लावीत. मृदंगाला एक, टाळाला आठ-दहा आणि पेटीला शाळेतले मास्तर. १९८८ साली जिल्ह्याबाहेरच्या एका शहरातल्या छोट्या कंपनीचा माणूस पालखीत भेटला आणि म्हणाला, तुमची कॅसेट काढू. मंडळ वर्गणी करून टेंपोने गेले. रात्री नऊला बसले, पहाटे चारला उठले. मोबदला म्हणून शंभर कॅसेटी मिळाल्या. मामांनी एका कागदावर सही केली. त्यावर काय लिहिले होते ते त्यांनी वाचले नाही, आणि नक्कल मागावी हे सुचले नाही. मंडळाला केवढा आनंद! पालखीत शंभरच्या शंभर गेल्या. तीन वर्षांनी इंदापूरच्या बाजारात मामांनी आपलाच आवाज ऐकला. कॅसेटीवर दुसऱ्या मंडळाचे नाव होते. ते त्या शहरात गेले. तेथे कळले की मूळ फीत तर केव्हाच पुसून तिच्यावर दुसरे काही भरले आहे, फीत महाग असते. बाजारात चालले आहे ते नकलेवरून केलेल्या नकलेचे आहे, आणि ते कोण करतो ते आम्हांला माहीत नाही. मामा परत आले आणि जेवले नाहीत, एवढे मामीने सांगितलेले मला आठवते. पुढे ते त्यावर कधी बोलले नाहीत.

म्हणून ‘लहान म्हणजे भला, मोठा म्हणजे लबाड’ असा जो भाव त्या बेलफास्टच्या गाण्यात आहे, त्याला मी पुरती मान डोलवू शकत नाही. काटा मारावयास कारखाना मोठाच असावा लागतो असे नाही. गुऱ्हाळावरही मारता येतो. दिल्लीच्या दर्यागंजात फळांचा रस विकणाऱ्या घरातले गुलशनकुमार १९८३ साली लहान म्हणूनच या धंद्यात उतरले. जुनी गाजलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकण्यास कायद्यात जी वाट होती तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला, आणि आज त्यांची टी-सीरीज ही देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत आहे. गाणारांचे काय सांगावे? ज्या मंडळीने रफ ट्रेडची स्तुती गायिली, तीच मंडळी १९७९ सालीच क्रिसॅलिस नावाच्या मोठ्या कंपनीत गेली! मी त्यांना दोष देत नाही. गावोगाव हिंडावयाचे तर मोटार लागते, पेट्रोल लागते, आणि परक्या देशात तबकडी पोहोचविणारे हात लागतात. ते मोठ्याकडेच असतात.

या विषयाचे मर्म माझ्या मते येथे आहे. आपण समजतो की गाणे मुद्रित करणे कठीण आणि विकणे सोपे. वस्तुतः उलट आहे. मुद्रणाची यंत्रे दर पिढीला स्वस्त होत गेली. पोहोचविण्याची व्यवस्था मात्र थोड्या हातांतच राहिली. रफ ट्रेडलाही हे कळले होते. म्हणून त्यांनी नुसत्या तबकड्या काढल्या नाहीत. ब्रिटनमधल्या निरनिराळ्या शहरांतल्या लहान दुकानांशी मिळून १९८२ च्या सुमारास एक वितरणाचा संघ उभारला, ज्यातून एका गावची लहान तबकडी दुसऱ्या गावच्या लहान दुकानात मोठ्या कंपनीला न विचारता पोहोचू लागली. आपल्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या सभासदांना यात ओळखीचे काही दिसेल. चरक सामाईक, काटा सामाईक. पण सामाईक गोष्टी चालवावयाच्या तर हिशेब ठेवावा लागतो, आणि तो चुकला. १९९१ साली रफ ट्रेडची वितरण व्यवस्था कोसळली आणि तिच्यावर ज्या लहान कंपन्या विसंबून होत्या त्यांचे पैसे अडकले. आपल्या लहान कॅसेट कंपन्यांनी तर असा संघ कधी केलाच नाही. एकमेकांच्या नकला मारण्यातच त्यांची शक्ती गेली, आणि २००० नंतर एका चकतीवर शे-दीडशे गाणी भरून विकणारा आला तेव्हा त्या एकामागून एक बंद झाल्या. त्यांच्या मूळ फिती कोठे गेल्या? पुष्कळशा भंगारात.

आज एखाद्या मुलाला मोबाइलवर गाणे मुद्रित करून संध्याकाळी जगापुढे ठेवता येते. बारामतीतलीही मुले ते करतात आणि मला त्यांचे कौतुक आहे. तरीही कोणाचे गाणे वर दाखवावयाचे हे ठरविणारा काटा आता समुद्रापलीकडे आहे, आणि तो ज्या तागडीत तोलतो ती आपल्याला दिसत नाही. निदान कागदाच्या बाबतीत तरी परिस्थिती बदलली आहे, ती गाणाऱ्या मंडळींनी जाणून घ्यावी. आपल्या कवितेचा किंवा चालीचा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखीच द्यावा लागतो. तोंडी बोलण्याने तो जात नाही. किती वर्षांसाठी दिला हे त्या लेखात नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने कवीला व संगीतकाराला मुद्रणाच्या वापरातून मिळावयाच्या मानधनाचा असा वाटा दिला की तो निर्मात्यास लिहून देता येत नाही. गायकालाही त्याच्या गाण्याच्या व्यापारी वापरातून मानधनाचा हक्क आहे. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, नक्कल घ्यावी, आणि मूळ मुद्रणाची एक प्रत आपल्याकडे राहील असे त्यात लिहून घ्यावे. मंडळात एक तरी वकिलाचा मुलगा असतोच.

मामा २००९ साली वारले तेव्हा घरात त्यांची एकही कॅसेट नव्हती. आम्ही शोधावयास लागलो. ज्यांनी पालखीत घेतल्या होत्या त्यांची नावे कोणाला ठाऊक असणार? अखेर सणसरच्या एका चहाच्या गाड्यावर एक सापडली. मालकाच्या वडिलांनी ती जपून ठेवली होती. वेष्टनावरचा विठोबा उडाला होता. फीत मध्येच यंत्राने खाल्लेली. शिसपेन घालून ती गुंडाळली, तुटली होती तेथे जोडली. दुसरी बाजू चांगली निघाली. पाच अभंग आहेत. तिसऱ्यात मास्तरांची पेटी अर्धा सूर खाली राहिली आहे, आणि शेवटच्या अभंगानंतर, यंत्र बंद करावयाच्या आधी, मामांचा बोलण्यातला आवाज येतो. ते मृदंगवाल्याला, चहा मिळेल का ते बघ, असे म्हणतात.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून पाहण्याची घाई करू नये. फितीवर पांढुरकी बुरशी दिसत असेल तर ती लावूच नये. डबीतले दाबाचे कापडी गादीचे पान गळून पडले असेल तर आवाज मंद येतो. फीत खराब झाली असे समजून ती टाकू नये, गादी बदलता येते. उन्हात, लोहचुंबकाजवळ, गॅसच्या शेगडीशेजारच्या फडताळात ठेवू नये. माझ्याकडे एक चालू स्थितीतले यंत्र आहे आणि ते मी आज बरोबर आणले आहे. व्याख्यान संपल्यावर मी मंडपाच्या उजव्या बाजूला बसणार आहे. कॅसेट आणली असेल तर दाखवावी. वेष्टनावर मंडळाचे आणि गावाचे नाव वाचता येत असेल तर ते तेवढे वहीत लिहून द्यावे.